सोवळ्यातला धातू

आमच्या घरात माझ्या नोकरीला ‘उगाळणं’ म्हणत. तंजावूरबाहेर बसने गेलं की एक इंजिनिअरिंग कॉलेज लागायचं. तिथे मी शिकवत होते आणि शिकवून उरलेल्या वेळात विमानांत वापरतात त्या टायटॅनियमच्या मिश्रधातूंची झीज मोजत होते. काम दिसायला अगदी साधं. एक चकती फिरत राहते, तिच्यावर धातूची बोटभर कांडी वजन ठेवून दाबून धरायची आणि घासू द्यायची. मग कांडी काढायची, धुवायची, वाळवायची आणि तोलायची. जेवढी कमी भरली तेवढी तिची झीज. कॉलेजच्या उत्सवाला माझी आई, म्हणजे आमच्या घरच्या भाषेत अम्मा, एकदा तिथे आली आणि त्या यंत्रासमोर उभी राहून खूप वेळ बघत राहिली. मला वाटलं, लेकीचं कौतुक चाललंय.

“अगे, हें तर गंध उगाळणं,” ती म्हणाली. “ह्याचा पगार देतात तुला?”

तेव्हापासून संध्याकाळी चपला काढायच्या आत स्वयंपाकघरातून प्रश्न यायचा, “उगाळून झालं का?”

मी हे लिहितेय ती मराठी मी पुढे पुण्यात नोकरी करताना पुस्तकांतून उचलली. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत बोलायचो ती वेगळी. तीत ‘इथे’ला ‘हिंग’ म्हणत, ‘नको’ला ‘नोको’, आणि निम्मं स्वयंपाकघर तमिळ. देवनागरी वाचणारी माणसं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मला वाचता येत होतं ते अप्पांमुळे. माझे वडील सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पण कचेरी हा त्यांचा जोडधंदा आणि कीर्तन हा खरा, असं ते स्वतःच सांगत. कीर्तनाच्या वह्या मोडीतून त्यांनी देवनागरीत उतरवल्या होत्या. त्याच त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या आणि अक्षरं गिरवून घेतली.

वर्षातून एकदा तिरुवैयारूला, कावेरीच्या काठच्या एका छोट्या मठात, त्यांचं कीर्तन असे. पदं मराठीत म्हणायचे, अर्थ तमिळमध्ये सांगायचे. पदं समजणारी माणसं दर वर्षी कमी होत होती, पण अप्पांनी एक ओळ कधी गाळली नाही. हातात चिपळ्या, सगळा भार उजव्या पायावर, आणि ओळ संपताना एक पाऊल पुढे. कीर्तन उभ्यानेच करायचं, बसून सांगतात ती गोष्ट, असं त्यांचं ठाम मत. असल्या ठाम मतांचा त्यांच्याकडे भरपूर साठा होता.

त्यातलं सगळ्यात ठाम मत सोवळ्याविषयी. सकाळी अंघोळ करून, वेगळं वाळवलेलं धोतर नेसून ते देवघरात शिरले की त्यांना कुणी शिवायचं नाही. देवघरात तांबं चाले, पितळ चाले, चांदी चाले. लोखंड चालत नसे. आमच्याकडे स्टीलच्या भांड्यांना ‘एवरसिल्वर’ म्हणतात. नावात चांदी असली म्हणून अप्पा फसणाऱ्यांतले नव्हते. त्यात लोखंड असतं हे त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे एवरसिल्वरचा पेला उंबऱ्याबाहेर. गंध मात्र ते स्वतः उगाळत. सहाण त्यांच्या आजोबांच्या वेळची होती आणि मधोमध खोलगट झाली होती. घरातला सकाळचा पहिला आवाज तो असे.

कीर्तनाचा भार पेलणाऱ्या उजव्या पायानेच आधी दगा दिला. खुब्यात दुखू लागलं, मग रात्रीही दुखू लागलं. गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला आणि तमिळमध्ये सांगितलं, “तेय्मानम.” म्हणजे झीज. हाडांच्या दुखण्याला तिकडे सगळेच तो शब्द वापरतात. अम्माने माझ्याकडे पाहिलं. “तुझंच खातं,” ती म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. त्यावर पुढे कधी हसू आलं नाही.

मद्रासला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. खुबा बदलायचा ठरला. मांडीच्या हाडात धातूचा दांडा, त्यावर धातूचा गोळा, आणि तो फिरायला प्लास्टिकची वाटी. ते दिवस असे होते की जे काल मिळत नव्हतं ते आज दुकानात मांडलेलं असे. परदेशी टीव्ही, परदेशी साबण, आणि तसाच परदेशी खुबा. डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले. एक स्टीलचा, जुना, बऱ्याच वर्षांचा वापरातला. दुसरा नवा आलेला, टायटॅनियमचा. हलका, रक्तात न गंजणारा.

अप्पांनी एवढंच विचारलं, “स्टील म्हणजे लोखंडच ना?”

डॉक्टर म्हणाले, हो, बहुतांशी लोखंडच.

मला तेव्हाच कळायला हवं होतं की निकाल लागला. याचं मूळ आमच्याच घरातलं. काही महिन्यांपूर्वी जेवताना मी मोठ्या उत्साहाने सांगत बसले होते की हा धातू किती अजब आहे. हवेत आल्या आल्या त्याच्या अंगावर एक पातळ कवच चढतं. मग त्याला पाणी शिवत नाही, मीठ शिवत नाही, रक्तही शिवत नाही. अम्मा वाढता वाढता म्हणाली होती, “म्हणजे सोवळ्यातला धातु म्हण की.” अप्पांनी मान वर करून पाहिलं होतं. शब्द त्यांना आवडला होता, आणि आवडलेला शब्द ते सोडत नसत.

जेवताना मी पुढचंही सांगितलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. हे कवच घासलं की फुटतं. त्याचे तुकडे खडीसारखे कठीण असतात, तेच मग मधे अडकून धातूला ओरबाडतात. स्वतःच्या सोवळ्यानेच तो मरतो. दांडा करायला टायटॅनियम उत्तम, कारण दांडा हलत नाही. गोळा करायला वाईट, कारण गोळ्याचं काम घासण्याचं. मऊ प्लास्टिकवर घासलं तरी तो झिजतो, हे माझी चकती रोज दाखवत होती. मद्रासमध्ये मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गोळ्याचा पृष्ठभाग खास कठीण केलेला आहे, काळजी करू नका, म्हणाले. मग मी अप्पांशी भांडले. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, चार माणसं बघत असताना.

“मी काय विमान आहें?” अप्पा म्हणाले. “किती उडणार? देवघर ते अंगण, अंगण ते देवघर. त्यास पुरेल.”

“आणि कीर्तन?”

“वर्षास एकदा. तेंही पुरेल.” आणि मग हळू आवाजात, “लोखंड अंगांत घेऊन देवास कसं शिवूं, तूंच सांग.”

खुबा टायटॅनियमचाच बसला.

सुरुवातीची वर्षं खरोखर चांगली गेली. अप्पा चालू लागले. खाली मांडी घालून बसायला मनाई होती, म्हणून अम्माने देव उंच चौरंगावर मांडले आणि अप्पा उभ्याने पूजा करू लागले. गंधही उभ्यानेच उगाळत. तिरुवैयारूला त्यांनी पुन्हा चिपळ्या हातात घेतल्या. ओळ संपली की पाऊल पुढे पडत होतं. मी मागे भिंतीला टेकून ऐकत होते आणि मनात शहाण्यासारखा विचार येत होता की बरं झालं, मी हरले.

मग एका उन्हाळ्यात खुबा सुजला. मद्रासला डॉक्टरांनी सुई घालून सांध्यातलं पाणी काढलं. ते काळं होतं. काजळ कालवल्यासारखं. डॉक्टर बाटली हलवून पाहत राहिले, पण मला हलवून पाहायची गरज नव्हती. प्रत्येक प्रयोगानंतर माझ्या चकतीवर तोच काळा चिखल जमायचा, मी तो कापसाने पुसून टाकायचे. इथे तो अप्पांच्या अंगात होता. मला रडू आवरलं नाही, आणि अप्पांना वाटलं मी उगाच घाबरलेय. ते माझ्याच पाठीवर थोपटत राहिले.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. टायटॅनियमचे गोळे आता कुणी बसवत नाही. गोळा बदलायला हवा, या वेळी स्टीलचा. नाही बदलला तर तो झिजत राहील, आजूबाजूचं हाड खात राहील, आणि एक दिवस पाय टेकवणार नाही. अप्पांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, घरी जाऊन सांगतो.

घरी येऊन ते अंगणातल्या खुर्चीवर बसले. मला जवळ बोलावलं.

“हिंग ये. तूं इतकीं वर्षं तेंच घासूलीस. खरं सांग. माझ्यांत आहे त्यांत लोखंड मुळींच नाहीं ना?”

स्वयंपाकघराच्या दारात अम्मा उभी होती. तिने माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. पण अप्पांनी मला अक्षरं शिकवली होती आणि एखादी ओळ गाळली की मागे नेऊन पुन्हा म्हणायला लावलं होतं. त्यांना खोटं सांगायला माझी जीभ वळेना.

“असतं, अप्पा. अगदी किंचित. कितीही शुद्ध केलं तरी राहतंच.”

“पायसांत मीठ घालतात तितकं?”

“त्याहूनही कमी.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, गाठ सुटली. किंचित चाललं तर जास्तही चालेल, आता ते ऑपरेशनला तयार होतील, म्हणून मी मनातल्या मनात मद्रासची गाडीही ठरवून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंघोळ केली, धोतर नेसले, काठी टेकत देवघरापर्यंत आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. आत गेलेच नाहीत. बराच वेळ देवांकडे पाहिलं, मग अम्माला म्हणाले, “आजपासून तूं कर.”

उभ्याने पूजा करू लागल्यापासून एवढी वर्षं आपण लोखंड घेऊन देवाला शिवत होतो, हे त्यांच्या मनाने घेतलं. मग समजावणं झालं, रागावणं झालं. मी तर संतापलेच. मला त्यांचा राग आला, त्या परदेशी गोळ्याचा आला, आणि चौरंगावर बसून सगळं बघणाऱ्या देवांचा सगळ्यात जास्त आला.

“देवाला काय कळतंय किंचित लोखंड!” मी ओरडले.

“देवास नसेल कळत,” अप्पा म्हणाले. “मला कळूलाय ना.”

घरातला सकाळचा आवाज बंद झाला. अम्मा पूजा करायची, पण तिच्या मनगटात जोर नव्हता. ती गंध भरभर उगाळून उरकायची. अप्पा उंबऱ्याबाहेर खुर्ची मांडून बसत, हात जोडून. जेवण कमी झालं. बोलणं तर त्याहून कमी. पायापेक्षा ती खुर्चीच त्यांना संपवणार, असं मला वाटू लागलं.

एका रविवारी मी अम्माला सहाण बाहेर आणायला लावली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

“इथे बोट लावा, अप्पा.”

त्यांनी मधल्या खळग्यात बोट ठेवलं.

“इथला दगड कुठे गेला?”

“झिजला.”

“झिजला म्हणजे कुठे गेला?”

मला आयुष्यात जे एकच शास्त्र येतं ते मी त्यांच्यासमोर मांडलं. एकटं काही झिजत नाही. दोन गोष्टी घासल्या की दोन्हींचं थोडं थोडं जातं, आणि जे जातं ते एकमेकांत मिसळतं. चंदन झिजलं तसा दगडही झिजला. तो गंधात गेला. तुमच्या आजोबांपासून रोज देवाच्या कपाळाला चंदनाबरोबर दगडही लागत आलाय. निव्वळ चंदन या घरात देवाने कधी पाहिलेलंच नाही.

अप्पा खळग्यात बोट फिरवत राहिले, काठाकडून मध्याकडे, मध्याकडून काठाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या आवाजाने जागी झाले. धावत बाहेर आले. अप्पा उंबऱ्याबाहेर खुर्चीवरच होते. मांडीवर फडका, फडक्यावर सहाण, आणि ते गंध उगाळत होते. झाल्यावर त्यांनी ते वाटीत काढलं आणि हात लांब करून उंबऱ्यावरून आत अम्माला दिलं. अम्माने देवांना लावलं. आत मात्र ते गेले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही.

मी हिरमुसले. अम्मा म्हणाली, “अर्धे आले बघ. बेस झालं.”

ऑपरेशन त्यांनी करवून घेतलं नाही. आणखी लोखंड नोको, म्हणाले, आणि तो विषय संपवला. मठातलं शेवटचं कीर्तन त्यांनी खुर्चीवर बसून केलं. आवाज तोच होता, चिपळ्याही त्याच. ओळ संपली की उजवा पाय खुर्चीखाली नुसता थरथरायचा. परत येताना बसमध्ये ते मला म्हणाले, “आज गोष्ट सांगितली मी.” आणि खिडकीबाहेर भाताची शेतं पाहत राहिले. मला त्यांचा हात धरावासा वाटला. मी धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

मार्गळी महिन्याच्या थंडीत त्यांना ताप आला, तो छातीत उतरला, आणि अप्पा गेले.

मुलगा नव्हता म्हणून चुलतभावाने अग्नी दिला. अस्थी तिरुवैयारूला कावेरीत सोडायच्या होत्या. बायकांनी यायची गरज नाही असं चार जणांनी सांगितलं. अम्माने ऐकलं नाही. आम्ही दोघी घाटाच्या पायरीवर बसून होतो. आमचे भटजी, तिकडे त्यांना वाध्यार म्हणतात, अस्थींचं मडकं घेऊन आले. दुसऱ्या हातात केळीचं पान होतं आणि पानावर तो गोळा. दांडा स्मशानातच राहिला होता, गोळा सुटून निघाला होता. आगीने त्याची चकाकी गेली होती. निळसर करडा, लिंबापेक्षा लहान.

मी तो हातात घेतला. वरच्या बाजूला एका जागी तो चपटा झाला होता आणि तिथे बारीक ओरखडे होते, सगळे एकाच दिशेचे. उजव्या पायावर भार आणि ओळ संपताना एक पाऊल पुढे. सूक्ष्मदर्शकाखाली मी असे ओरखडे वर्षानुवर्षं पाहत आले, त्यांची लांबी मोजली, त्यावर लेख लिहिले. हे ओरखडे मला डोळ्यांतल्या पाण्यामुळे धड दिसले नाहीत.

वाध्यार अवघडून म्हणाले, “हें अस्थींबरोबर सोडतां येत नाहीं. ही अस्थि नव्हे.”

अम्माने मान वर केली.

“अस्थि नव्हे?”

“नव्हे, अम्मा. धातु आहे.”

“मग घरांत नेण्यास दोष नाहीं.”

अस्थी घरात नेत नाहीत, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. आणि ही अस्थी नाही, असं वाध्यारांनी स्वतःच नुकतं सांगितलं होतं.

“आणि अग्नींतून निघालं त्यास विटाळ अस्ते का?” अम्माने विचारलं.

“अग्नींतून निघालं त्यास कसला विटाळ?” ते म्हणाले.

“बेस,” म्हणत तिने माझ्या हातातून गोळा घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला. तंजावूरपर्यंत बसमध्ये ती गाठ तिने मुठीत धरली होती. सुतक फिटेपर्यंत गोळा अंगणातल्या तुळशीपाशी, एका पालथ्या वाटीखाली होता.

सुतक फिटलं त्या सकाळी तिने अंघोळ केली, कावेरीच्या पाण्याने गोळा धुतला आणि ओंजळीत घेऊन देवघराशी आली. उंबऱ्यावर क्षणभर थांबली. अप्पा थांबत तिथेच. मग ओंजळीकडे पाहून ती अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, “आहो, या आंत.”

आणि उंबरा ओलांडून आत गेली.

तो कुठे ठेवावा हे तिला सुचेना. चौरंगावर ठेवला तर घरंगळला. तांब्याच्या ताम्हनात ठेवला तर वाजला. शेवटी तिने तो सहाणेवर ठेवला. मधल्या खळग्यात तो स्थिर बसला.

“मग गंध कशावर उगाळायचं?” मी विचारलं.

“नोको,” अम्मा म्हणाली. “खूप झालं उगाळणं.”

आता देवांना बाजारातल्या डबीतलं गंध लागतं.